गळती दिसेनाशी कशी झाली? बटणाच्या फ्लशचा इतिहास

आजचा विषय घरगुती आहे. बटण दाबलं, टाकी रिकामी झाली, पुन्हा भरली, तरी कमोडमध्ये पाण्याची बारीक धार चालूच. बहुतेक वेळा दोष असतो रबराच्या एका वायसरचा. पण तो वायसर तिथे आला कसा, हे बघायला आपल्याला लंडनला जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात तिथे घरोघरी फ्लशचे संडास आले. पाणी पुरवायच्या खासगी कंपन्या. झडप नीट बसली नाही की पाणी वाहत राहायचं आणि कंपन्या हैराण व्हायच्या. मग १८७१ चा कायदा आणि त्याखालचे नियम आले: एका फ्लशला २ गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे ९ लिटरपेक्षा जास्त पाणी सुटता कामा नये. अशा टाकीचं नावच पडलं ‘वॉटर वेस्ट प्रिव्हेंटर’, पाण्याची नासाडी रोखणारी. थॉमस क्रॅपरनं फ्लशचा शोध लावला असं सांगतात, ते खरं नाही. बिनझडपेच्या सायफन टाकीचं १८९८ चं पेटंट अल्बर्ट गिब्लिनच्या नावावर आहे. क्रॅपर ती विकत असे.

आता ‘बिनझडपेची’ म्हणजे काय? सायफनच्या नळीचा बाक टाकीतल्या पाण्याच्या वर असतो. साखळी ओढली की पाणी त्या बाकावरून ढकललं जातं, पलीकडे ओढ लागते आणि टाकी रिकामी होते. हवा आत शिरली की थांबते. एरवी पाण्याला खाली जायला वाटच नाही. वायसर झिजला तर फ्लश नीट होणार नाही, पण पाणी गळणार नाही. आपल्याकडच्या जुन्या इमारतींतली उंचावरची बिडाची साखळीवाली टाकीही सायफनवरच चालायची. शिवाय ब्रिटनमध्ये टाकी जास्त भरली तर पाणी भिंतीबाहेर काढलेल्या नळीतून पडायचं. रस्त्यावरच्या माणसालाही कळायचं की या घरात बिघाड आहे.

पुढे पाणी वाचवण्याचा दुसरा रस्ता निघाला. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसननं दोन बटणांचा फ्लश आणला, एक ११ लिटरचं आणि एक ५.५ लिटरचं. ब्रिटननं १९९९ च्या नियमांनुसार २००१ पासून नव्या टाक्यांना ६ लिटरची मर्यादा घातली, आणि त्याचबरोबर तळाशी झडप असलेल्या टाक्यांना परवानगी दिली. जास्तीचं पाणी थेट कमोडमध्ये सोडायलाही मुभा मिळाली.

इथे मेख आहे. तळाची झडप चोवीस तास पाण्याखाली. क्षाराचा एक कण अडकला तरी धार सुरू. आणि ती धार कुणाला दिसत नाही. हिशेब करा: मिनिटाला २०० मिलिलिटर गळलं तर दिवसाला २८८ लिटर, म्हणजे ६ लिटरचे ४८ फ्लश! बटणानं वाचवलेलं सगळं पाणी वायसरनं घालवलं.

आपल्या घरी काय करायचं? टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर टाकी गळतेय. मग झाकण काढून बघा. पाणी मधल्या नळीच्या तोंडातून आत पडत असेल, तर फ्लोट खाली करा. तरीही पाणी चढत राहिलं तर पाणी भरणारा व्हॉल्व्ह बिघडलाय. पातळी त्या नळीच्या खालीच असेल, तर दोष तळाच्या वायसरचा. अँगल कॉक बंद करा, टाकी रिकामी करा, मधली झडप काढा (बऱ्याच टाक्यांत ती थोडी फिरवली की सुटते). वायसर आणि तो जिथे टेकतो ती कड, दोन्हींवरचा क्षार पुसा. वायसर फुगला किंवा वाकडा झाला असेल तर त्याच मापाचा नवा घाला. बटणाची दांडी झडपेला उचलून धरत नाही ना, तेही बघा.

जुन्या नियमांचा भर गळती होऊच नये यावर होता. नव्या नियमांनी प्रत्येक फ्लशचं पाणी मोजलं, पण गळतीवर नजर ठेवायचं काम घरमालकावर येऊन पडलं. पाणी वाचवणारं यंत्र बसवलं म्हणजे पाणी वाचलं असं होत नाही. अधूनमधून झाकण उघडून बघावंच लागतं.