नागिणीची वाट

आमच्या आर्णीकडच्या गावात कुशीवर पाणभरल्या फोडांची ओळ उठली की दवाखान्याआधी गेरू उगाळला जाई. माझ्या आजीलाही डाव्या कुशीत नागीण निघाली होती. जाणत्याने लेप दिला आणि ओळीच्या दोन्ही टोकांना रेघ ओढली. ‘तोंड-शेपूट भिडलं तं मानूस वाचत नाही,’ असं घरात जो तो म्हणे. आजी रात्री उठून ती टोकं चाचपायची. फोड सुकले, तरी कित्येक महिने तिला तिथे पदराचा स्पर्शही सोसवत नसे.

पुढे यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मी शरीररचनाशास्त्र शिकवू लागलो. बरगडीच्या खालच्या कडेला एक खोबण असते. तिच्यात वर नीला, मध्ये धमनी आणि सगळ्यात खाली मज्जातंतू. अशा मज्जातंतूंच्या 11 जोड्या बरगड्यांच्या मधून जातात, बारावी शेवटच्या बरगडीखालून. श्वास घेताना बरगड्या हलवणाऱ्या स्नायूंना हेच तंतू चालवतात आणि छातीच्या कातडीची जाणीवही हेच कण्याकडे नेतात. प्रत्येक तंतू मणक्यापासून निघतो, कुशीला वळसा घालतो आणि पुढे छातीच्या किंवा पोटाच्या मध्यावर संपतो. तिथे डाव्या-उजव्या टोकांची किंचित सरमिसळ होते, तेवढीच.

नागीण अशाच एका तंतूच्या वाटेने उठते, म्हणजे गावाने पाहिलेला एका कुशीवरचा अर्धा पट्टा अगदी खरा होता. जाणत्याची रेघही बहुतेक वेळा यशस्वी ठरे, कारण नागीण तिथे आपणहून थांबणारच असे. प्रथा टिकली ती यामुळे, असं मला वाटतं.

या दुखण्याचं मूळ कण्याजवळच्या मज्जागाठीत आहे, हे बर्लिनच्या फॉन बेरेनस्प्रुंगने 1860च्या दशकात दाखवलं. हेड आणि कॅम्पबेल यांनी 1900 साली शवविच्छेदनांतून ते पक्कं केलं. आणि 1965 साली होप-सिम्पसन या इंग्लंडमधल्या साध्या जनरल प्रॅक्टिशनरने आपल्याच रुग्णांच्या 16 वर्षांच्या नोंदींवरून मांडलं की लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू त्या गाठीत दडून राहतो आणि वय झालं की तंतूच्या वाटेने बाहेर येतो.

विषाणूरोधक गोळ्यांचा उपयोग फोड उठल्यापासून 72 तासांत सुरू केल्यास सर्वाधिक. गेरूपायी नेमके तेच दिवस जातात. म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो, रुग्णाच्या पाठीपासून छातीपर्यंत बोटाने तंतूची वाट आधी दाखवा. फार क्वचित नागीण दोन्ही बाजूंना उठते, पण टोकं जुळली म्हणून कुणी दगावत नाही, हे त्याला आणि सोबत आलेल्यांना सांगा. मग गोळ्या लिहून द्या.