चाळीस-शहात्तरची वायर

पट्टीश्वरम्‌च्या धेनुपुरीश्वराच्या देवळात नंदी गाभाऱ्याच्या सरळ रेषेत नाहीत, एका अंगाला सरकून बसले आहेत. कथा अशी की, लहानगा शैव संतकवी ज्ञानसंबंधर भर उन्हात दर्शनाला निघाला, देवानं त्याच्या डोक्यावर मोत्यांचा मांडव धरवला, आणि मांडवाखालून येणारं ते पोर आपल्याला नीट दिसावं म्हणून नंदींना बाजूला व्हायला सांगितलं. मोत्यांच्या मांडवाचा उत्सव आनी महिन्यात, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास, अजून होतो. लोक ही कथा भक्तिभावानं सांगतात. मी टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेला माणूस, मला तिच्यात मांडणी दिसते. कोण कुठून येणार, कोण कुठे बसणार, मध्ये काय आडवं येतंय हे आधी बघायचं आणि मग सामान हलवायचं. पहिलंवहिलं होम थिएटर घेणारी आमची मंडळी नेमकं उलट करतात. आधी खोकं आणतात, मग वायर शोधतात, आणि नंदी काही जागचा हलत नाही.

वायर विचारायला आलेल्या पोरांना मी आधी इतिहास ऐकवतो. त्यांना तो नको असतो. पण तो ठाऊक नसेल तर दुकानदार काय विकतोय ते कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आमचं घराणं मराठी. 1670 च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यावर जी कुटुंबं कावेरीच्या मुलखात आली त्यांतलं. 1855 मध्ये राज्य खालसा झालं, कचेऱ्या गेल्या, मोडी गेली, भाषा तेवढी स्वयंपाकघरात उरली. (माझी लिहिण्याची मराठी पुण्यातल्या नोकरीनं दिलेली आहे.) आमच्या या, कुंभकोणम्‌जवळच्या पट्टीश्वरम् गावाचं आणि आवाजाचं नातं मात्र मराठ्यांच्याही आधीचं. तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित इथले म्हणून ओळखले जातात. देवळात त्यांची आणि त्यांच्या पत्नी नागांबा यांची मूर्ती आहेत. रघुनाथ नायकाच्या नावावर असलेल्या ‘संगीतसुधा’मागे दीक्षितांचा हात होता. त्यांचे चिरंजीव व्यंकटमखी यांनी ‘चतुर्दंडीप्रकाशिका’त 72 मेळांचा जो आराखडा मांडला, त्याच पायावर पुढची कर्नाटक संगीताची मेळपद्धती उभी राहिली. तंजावरी वीणेला 24 पक्के पडदे बसले तेही रघुनाथ नायकाच्याच काळात असं मानतात. तारेची जाडी, तारेची लांबी आणि त्यातून निघणारा आवाज यांचा हिशेब इथल्या मातीत तेव्हापासून आहे.

मग मराठे आले आणि त्यांच्यामागून अभंग आले. व्यंकोजीराजांचे पुत्र शाहजीराजे यांनी 1693 मध्ये कुंभकोणम्‌जवळचं तिरुविसनल्लूर विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं. तिथले श्रीधर अय्यावाळ, गोविंदपुरमचे बोधेंद्र आणि नंतर मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी यांनी नामसंकीर्तनाची जी पद्धत घालून दिली, ती कुंभकोणम्‌च्या परिसरात आजही चालते. मधोमध समई ठेवायची आणि मंडळींनी तिच्याभोवती फिरत गायचं. संस्कृत, तेलुगू, तमिळ पदांमध्ये आपले अभंगही येतात. भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्याला आवाज समोरून येतो, डावीकडे सरकतो, मागून जातो. पाच स्पीकर आणि एक सबवूफर लावून लोक आज जे विकत घेतात, ते इथल्या भजनमठांत वायरीवाचून चालू होतं.

वायर आली ती रेडिओबरोबर. तिरुचिरापल्लीचं आकाशवाणी केंद्र 1939 मध्ये सुरू झालं. घरात रेडिओ असणं पुढे बरीच वर्षं श्रीमंताचं काम होतं. बाकीच्यांचा रेडिओ पंचायतीच्या खोलीत. संध्याकाळी खोली उघडायची, खांबावरचा कर्णा खाकरायचा आणि बातम्या सुरू व्हायच्या. पुढे देवळाच्या उत्सवांना, लग्नांना, आडी महिन्यातल्या देवीच्या जत्रांना कर्णे भाड्यानं देणारे साउंड सर्व्हिसवाले गावोगाव झाले. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, पहाटे तिरुप्पावैची भक्तिपदं याच कर्ण्यांतून ऐकू यायची. आमच्याकडच्या आवाजाच्या धंद्याचं मूळ हे. घरच्या स्पीकरची वायर जोडणारे पहिले कारागीरही याच धंद्यातून आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची सवय आली. सगळा घोटाळा त्या सवयीत आहे.

कर्ण्याची वायर बारीक असते. देवळापासून रस्त्याच्या टोकापर्यंत, झाडावरून, विजेच्या खांबावरून शे-दोनशे मीटर जाते आणि तरी कर्णा दणदणीत वाजतो. कारण त्या ॲम्प्लिफायरमधून 100 व्होल्टची लाइन निघते आणि प्रत्येक कर्ण्यापाशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर ती पुन्हा खाली उतरवतो. 30 वॉट पोचवायला त्या लाइनीत फक्त 0.3 अँपियर करंट लागतो. घरातला 8 ओहमचा स्पीकर तेच 30 वॉट घ्यायला जवळजवळ 2 अँपियर ओढतो. तारेतला तोटा करंटच्या वर्गानं वाढतो, म्हणजे त्याच वायरीत चाळीसपट वीज तापण्यात जाते. साउंड सर्व्हिसवाल्याची बारीक वायर त्याच्या कामाला अगदी योग्य होती. तीच दिवाणखान्यात आली आणि गरीब बिचारी बदनाम झाली.

आता आकड्याकडे येऊ. कुंभकोणम्‌च्या इलेक्ट्रिकल दुकानात जा, पुण्याच्या बुधवार पेठेत जा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा, स्पीकरची वायर एकाच बोलीत मागतात : 14/76, 23/76, 40/76. पहिला आकडा आत किती तारा आहेत त्याचा. दुसरा प्रत्येक तारेच्या जाडीचा, 0.0076 इंच. ब्रिटननं 1884 मध्ये तारेच्या जाडीचं कायदेशीर माप लागू केलं, त्यातला हा 36 नंबर. आपल्याकडे 1956 मध्ये मापांचा कायदा झाला, 1957 मध्ये नवे पैसे आले, मग शेर गेला, वार गेला, फर्लांग गेला. वायरच्या काउंटरवर मात्र व्हिक्टोरिया राणीचं माप ठाण मांडून आहे. मला त्याचं कौतुक वाटतं. खोक्यावर कंपनीनं काहीही लिहिलेलं असो, हा आकडा खोटं बोलत नाही. सुटी वायर सोलून तारा मोजता येतात. 40/76 मध्ये चाळीसच्या ऐवजी बत्तीस निघाल्या की दुकानदाराच्या तोंडावर ठेवता येतात.

टीव्हीनं दुसरी जात आणली. मद्रास दूरदर्शन 15 ऑगस्ट 1975 ला सुरू झालं, पण तंजावर मुलखात चित्र पकडणं हा पुढे बराच काळ उद्योगच होता. 1982 मध्ये श्रीलंकेचं रूपवाहिनी आलं आणि किनाऱ्याकडच्या गावांत गच्चीगच्चीवर उंच अँटेना उभ्या राहिल्या. त्यांची चपटी वायर 300 ओहमची, टीव्हीच्या गोल सॉकेटची 75 ओहमची, आणि मध्ये दोघांचं जुळवून देणारा बोटभर बलून. सन टीव्ही 14 एप्रिल 1993 ला सुरू झाला, मग गल्लोगल्ली केबलवाले आले आणि काळी गोल कोॲक्सिअल वायर खिडकीच्या गजातून आत शिरली. 2006 नंतर तमिळनाडू सरकारनं घरोघरी रंगीत टीव्ही फुकट वाटले. त्यांच्यासमोर डीव्हीडी प्लेअर आला आणि त्याच्याबरोबर पिवळी, पांढरी, लाल अशी तीन डोक्यांची वायर. आमच्या गावातल्या कितीतरी घरांत ‘जोडणी’ म्हणजे काय ते प्रथम त्या तीन रंगांनी शिकवलं. पिवळा चित्राचा, पांढरा डावा, लाल उजवा.

या पिनांच्या वंशावळी मला तोंडपाठ आहेत, कारण त्यांतली सगळ्यांत जुनी आमच्या खात्यातली. मोठ्या हेडफोनची, गिटारची पाव इंची पिन 1878 च्या सुमारास अमेरिकेतल्या टेलिफोन स्विचबोर्डसाठी घडली. ऑपरेटर बाई तीच खुपसून दोन माणसं जोडून द्यायच्या. हातातली ती पिन अजून माझ्या अंगठ्याला आठवते. लाल-पांढरी पिन आरसीए कंपनीनं 1930 च्या दशकात ग्रामोफोन रेडिओला जोडायला काढली. प्रकाशावर चालणारी ऑप्टिकल वायर तोशिबानं 1983 मध्ये आणली. आणि 2002 मध्ये सोनी, फिलिप्स, पॅनासॉनिक, तोशिबा वगैरे कंपन्यांनी मिळून एचडीएमआय ठरवली, चित्र आणि आवाज एकाच वायरीत. 2009 पासून तिच्यातून आवाज उलटाही जातो, टीव्हीतून ॲम्प्लिफायरकडे. टीव्हीच्या मागे ज्या सॉकेटवर ‘एआरसी’ लिहिलंय तेच त्यासाठी वापरायचं. दुसऱ्या सॉकेटात घातली की चित्र येतं, आवाज येत नाही, आणि माणूस नवी महाग वायर आणायला धावतो.

महाग वायरीचाही इतिहास आहे. 1970 च्या दशकाअखेरपर्यंत अमेरिकेतही लोक स्पीकरला टेबललॅम्पचीच वायर लावत. नोएल ली या गृहस्थांनी 1979 मध्ये मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली आणि स्पीकरची वायर ही स्वतंत्र, मिरवायची वस्तू झाली. जाड वायर चांगली हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण जाडीबरोबर जे सोनेरी मुलामे, बाणांच्या दिशा आणि नागासारखी वेटोळी विकली गेली, त्यांतलं बहुतेक मला देवळाबाहेरच्या ताईतांच्या रांगेतलं वाटतं.

परवा शेजारचा मुलगा असंच एक वेटोळं घेऊन आला. म्हणाला, “मामा, ही ऑक्सिजन-फ्री आहे, घेऊ का?”

“आधी कॉपर आहे का ते बघू,” म्हटलं.

ब्लेडनं टोक सोललं आणि त्यातली एक तार पात्यानं खरवडली. वरून लाल, आतून पांढरी. तांब्याचा पातळ मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. असली तार शुद्ध तांब्याच्या निम्म्याहून हलकी असते आणि विजेला साधारण दीडपट अडवते. पोराचं तोंड उतरलं. पण तो कुंभकोणम्‌चा! पितळी-तांब्याच्या भांड्यांचं गाव, शेजारी स्वामीमलईच्या पंचधातूच्या मूर्ती, नाचियारकोइलच्या समया. इथे भांडं तराजूत टाकल्याशिवाय भाव बोलत नाहीत. त्याला मी एवढंच सुचवलं की भांड्याला लावतोस तो नियम वायरलाही लाव, गुंडाळी हातावर तोलून बघ.

मग हिशेब मांडला. त्याच्या खोलीत मागच्या स्पीकरची वायर भिंतीच्या कडेनं, दरवाजाची चौकट चढून उतरून 10 मीटर होत होती. जायची आणि यायची मिळून 20. तांब्याची 14/76 घेतली तर तिचाच विरोध सुमारे 0.8 ओहम, त्याचे स्पीकर 4 ओहमचे, म्हणजे स्पीकरकडे निघालेल्या शक्तीचा सहावा हिस्सा भिंत गरम करणार. 40/76 घेतली तर 0.3 ओहम, आणि तोटा सात टक्क्यांच्या आसपास. समोरचे स्पीकर टीव्हीपासून दोन हातांवर होते, तिथे 23/76 भरपूर झाली. त्याला वाटत होतं समोरच्यांना भारी वायर हवी, कारण ते दिसतात. खोलीच्या मापानं ठरलं ते उलटच.

आमच्याकडच्या कर्ण्यांचं राज्य आता संपत आलंय. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद केले, मार्गळीची पहाटही त्यात आली. म्हातारी माणसं कुरकुरली, परीक्षेला बसलेली पोरं खूश झाली. साउंड सर्व्हिसवाल्यांची मुलं आता सेट-टॉप बॉक्स लावतात, सीसीटीव्ही बसवतात, आणि कुणी सांगितलं तर होम थिएटरही जोडून देतात. हात फार सफाईदार असतो त्यांचा. फक्त बारीक वायरीची बापजाद्यांची सवय सुटलेली नाही, तेवढी नजर ठेवा.

तेव्हा दुकानात जाण्याआधी सुतळी घ्या. ॲम्प्लिफायरपासून प्रत्येक स्पीकरच्या जागेपर्यंत, भिंतीच्या कडेनं, चौकटीला वळसा घालून ती फिरवा आणि मग मोजा. नजरेनं धरलेलं अंतर नेहमी कमी भरतं. आठ-दहा मीटरच्या वर गेलं की 40/76, तांब्याचीच. एचडीएमआय साधी, पण आखूड आणि चांगल्या कंपनीची. टोकाच्या तारा पिळून घट्ट करा. एक जरी सुटी राहून शेजारच्या खाचेला टेकली तर ॲम्प्लिफायर बसतो. लाल-काळं कुठलं याची शंका आली तर दीड व्होल्टचा सेल वायरीला क्षणभर टेकवा, उघड्या वूफरचा पडदा बाहेर उसळला तर सेलची धन बाजू ज्या तारेला लागली ती लाल. हे करताना ॲम्प्लिफायरकडचं टोक सुटं ठेवा, आणि शेवटची वायर खाचेत बसेपर्यंत भिंतीवरचं बटण बंदच असू द्या.