धुराची पाणचक्की

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, सहल नेणारे शिक्षक पाणचक्की दाखवल्याशिवाय सहसा परतत नाहीत. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणायचे, उंचावरून सोडायचे, त्याच्या माऱ्याने पाती फिरवायची आणि जात्यावर धान्य दळायचे, ही रचना आपण मुलांना समजावून देतो. एक गोष्ट मात्र बहुधा सांगायची राहते. कोणत्याही पाणचक्कीत काम करून झालेले पाणी पुढे वाहून जावे लागते. ते पात्यांखाली तुंबले, तर वरून कितीही पाणी सोडा, चक्की मंदावते. चाकाला मिळणारी ऊर्जा वरच्या आणि खालच्या पातळीतील फरकावर ठरते.

याच शहराजवळ, जालना रस्त्यावरील शेंद्रा येथे, २००१ साली स्कोडा कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. तेथे जुळणी होणाऱ्या डिझेल ऑक्टाव्हियात टर्बोचार्जर होता. २००४ मध्ये आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये १.८ लिटरचे, १५० अश्वशक्तीचे टर्बो-पेट्रोल इंजिन होते. तशी गाडी तोवर आपल्या रस्त्यांवर जवळजवळ नव्हतीच. अशा गाड्यांचे हौशी मालक धूर बाहेर नेणारी नळी बदलून मोठी बसवतात. पुष्कळांना हा निव्वळ आवाजाचा षौक वाटतो. काहींच्या बाबतीत तो असतोही! पण त्यामागे पाणचक्कीचेच शास्त्र आहे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा तापलेल्या धुराबरोबर वाया जाते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी या अभियंत्याने १९०५ साली एक पेटंट घेतले. धुराने एक पातेदार चाक फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, अशी त्याची कल्पना होती. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येते व जास्त शक्ती मिळते. कल्पना सोपी, पण तापलेल्या धुरात टिकणारा धातू कोठून आणायचा? ब्यूशीला खरे यश १९२५ च्या सुमारास मिळाले. १९२६ मध्ये दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांची शक्ती या युक्तीने १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली.

दरम्यान अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली विमानाचे इंजिन पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच डोंगरावर चढवले. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, ती टर्बोने भरून निघते का, हे त्यांना पाहायचे होते. ती भरून निघाली. मोटारीत मात्र टर्बो यायला १९६२ उजाडले. त्या वर्षीच्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये इंजिन ठोकू नये म्हणून पाणी व मिथेनॉलचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारले जाई. मालक ती टाकी भरायला विसरत. शेवटी कंपनीने अनेक गाड्यांचे टर्बो काढून तिथे साधा कार्ब्युरेटर बसवून दिला.

आता नळीकडे वळू. ‘इंजिनाला धुराचा थोडा उलटा दाब लागतोच’ असे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येते. या समजामागे एक अर्धसत्य आहे. साध्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमधून धुराचे ठोके सुटतात. नळीची लांबी-रुंदी नेमकी असेल, तर एका ठोक्याची लाट पुढचा धूर ओढून घ्यायला मदत करते. नळी उगाच रुंद केली की धुराचा वेग कमी होतो आणि ही मदत बिघडते. इथे उपयोगी पडतो तो वेग आणि लाट. उलटा दाब कधीच उपयोगी नसतो. टर्बो इंजिनात तर हे ठोके बरेचसे टर्बाइनच्या पात्यांवरच खर्च होतात. त्यापुढची नळी म्हणजे चक्कीतून पाणी वाहून नेणारा चर. तो जितका मोकळा तितका बरा.

एक उदाहरण घेऊ. समजा, टर्बाइनच्या आधीचा दाब २ वातावरण आणि नंतरचा १.३ आहे. गुणोत्तर झाले सुमारे १.५४. नळी मोकळी केल्याने नंतरचा दाब १.१ झाला, तर तेच गुणोत्तर १.८२ होते. चाक लवकर वेग घेते. आता मुलांना विचारा, नळीचा व्यास अडीच इंचांवरून तीन इंच केला तर धुराला वाट किती वाढेल? पाचवा हिस्सा, असे उत्तर घाईत येईल. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून वाढ ४४ टक्के.

पण या चरात एक गाळणीही असते. तिचे नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू ती कमी घातक रूपात बदलते. भारतात नव्या पेट्रोल मोटारींना ती १९९५ पासून चार महानगरांत सक्तीची झाली. ती काढून टाकली की दाब उतरतो आणि शक्ती थोडी वाढते, हे खरे आहे. मात्र त्याची किंमत गाडीमागे चालणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांना मोजावी लागते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. गाळणी जागेवर ठेवून तिच्यामागची नळी व सायलेन्सर मोकळे केले, तर फायदा कमी मिळतो, आणि तोही पात्यांपासून दूर. सर्वांत जास्त अडथळा असतो तो टर्बाइनला लागूनच, जिथे धूर सर्वांत तापलेला आणि फुगलेला असतो. नव्या गाड्यांत गाळणीही नेमकी तिथेच बसवतात, कारण तापल्याशिवाय ती काम करत नाही.