टी मोटार आणि तिचे मालक

एखादी वस्तू कशी आहे हे कोणाला विचारावे? जो ती रोज वापरतो त्याला, असे उत्तर आपण चटकन देतो. तंत्रज्ञानाच्या इतिहासात मात्र बहुधा निर्मात्याचीच कथा सांगितली जाते. हेन्री फोर्ड आणि त्यांचा सरकता पट्टा आपल्या परिचयाचे असतात. पण त्या पट्ट्यावरून उतरलेल्या दीड कोटी मोटारी ज्यांच्या दारात गेल्या, त्यांनी त्यांचे काय केले आणि त्यांना त्या कशा वाटल्या, हे फारसे कोणी सांगत नाही. या लेखात ही दुसरी बाजू पाहू. निर्मात्याची बाजू आधी थोडक्यात सांगायला हवी.

फोर्ड मोटर कंपनी जून १९०३मध्ये सुरू झाली. तिच्या मोटारींना इंग्रजी अक्षरांची नावे असत. त्यांतली ‘मॉडेल टी’ १ ऑक्टोबर १९०८ रोजी बाजारात आली. चार सिलिंडरचे, सुमारे २.९ लिटरचे इंजिन, शक्ती फक्त २० अश्वशक्ती. किंमत ८५० डॉलर. व्हॅनेडियम मिसळलेले पोलाद वापरल्यामुळे मोटार हलकी असूनही मजबूत होती, आणि तिचे पोट जमिनीपासून बरेच उंच होते. अमेरिकेतले गावाकडचे रस्ते तेव्हा पावसाळ्यात चिखलाचे आणि एरवी चाकोऱ्यांचे असत, तिथे या दोन गुणांचे मोल मोठे होते. १९१३-१४मध्ये डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली आणि मोटारीचा सांगाडा जुळवायला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून ९३ मिनिटांवर आला. १९२५पर्यंत दोन आसनी टी मोटार २६० डॉलरला मिळू लागली. हा भाग सर्वांना ठाऊक आहे.

शेतकऱ्यांनी मोटारीचे स्वागत केले असेल असे आपल्याला वाटते. सुरुवातीला तसे मुळीच नव्हते. शहरातले श्रीमंत लोक हौसेखातर मोटारी घेऊन खेड्यांतून भरधाव जात. घोडे बुजत, कोंबड्या चिरडत, धुळीने पिके माखत. शेतकऱ्यांनी रस्त्यांवर खिळे आणि काचा टाकल्याच्या, आडवे चर खणल्याच्या नोंदी आहेत. १९०९मध्ये कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ अशा चरांत तेरा मोटारी अडकल्या होत्या! पुढच्या दहा वर्षांत चित्र पार पालटले. १९२०च्या अमेरिकन शेती गणनेत सुमारे ३१ टक्के शेतांवर मोटार होती, आणि घरात नळाचे पाणी फक्त १० टक्के शेतांवर. घरात न्हाणीची सोय नसताना मोटार कशी घेतली, असे एका बाईंना सरकारी पाहणी करणाराने विचारले. न्हाणीत बसून गावाला जाता येत नाही, असे त्या म्हणाल्या, अशी एक कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, गणनेचे आकडे तिच्या बाजूने आहेत.

शेतकऱ्याने मोटार घेतली ती केवळ गावाला जाण्यासाठी नव्हे. मागचे एक चाक जॅकवर उचलायचे, त्यावर पट्टा चढवायचा आणि लाकूड कापायची करवत, धान्य भरडायचे यंत्र, पाण्याचा पंप, इतकेच काय, कपडे धुण्याचे यंत्रही त्या पट्ट्यावर चालवायचे. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या पुलीवर मळणीयंत्र चालताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. मोटारीला नांगर जोडता यावा म्हणून मोठी लोखंडी चाके आणि गिअर यांचे संचही बाजारात मिळत.

इथे विद्यार्थ्यांना विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. एक चाक उचललेले आणि दुसरे जमिनीवर टेकलेले असेल, तर उचललेले चाक किती वेगाने फिरेल? वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावे लागते, म्हणून मागच्या दोन चाकांमध्ये ‘डिफरन्शियल’ ही गिअरची जुळणी असते. इंजिनाचा वेग कायम असेल तर दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी ती कायम राखते. एका चाकाचा वेग शून्य झाला की सरासरी तीच राहण्यासाठी दुसऱ्याला दुपटीने फिरावे लागते. शेतकऱ्याला हे गणित शिकवलेले नव्हते. करवत किती जोरात फिरते ते तो बघत होता आणि त्यानुसार इंजिनाला पेट्रोल कमीजास्त देत होता. उभ्या मोटारीचा तोटाही त्याला लवकरच कळला. टी मोटारीत पाण्याला पंप नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली येते, एवढ्याच अभिसरणावर इंजिन थंड राहायचे. समोरून वारा मिळत नसताना तासन्‌तास काम केले की पाणी उकळू लागे.

रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच या दोन अभ्यासकांनी १९९६मध्ये या सगळ्यावर एक शोधनिबंध लिहिला. वस्तू कारखान्यातून बाहेर पडली की तिचा अर्थ पक्का ठरतो असे नाही, वापरणारेही तो घडवतात, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. फोर्डने विकली ती मोटार. शेतकऱ्याने विकत घेतले ते चार चाकांवरचे इंजिन.

आता मते. हेन्री फोर्ड यांना खेड्यापाड्यांतून आलेल्या पत्रांचा उपयोग करून रेनॉल्ड विक या इतिहासकाराने १९७२मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. १९१८मध्ये जॉर्जिया राज्यातल्या एका शेतकरी स्त्रीने लिहिलेले पत्र बऱ्याच ठिकाणी उल्लेखिले जाते; या मोटारीने आम्हाला चिखलातून वर काढले आणि आयुष्यात आनंद आणला, असा त्याचा आशय आहे. शेजारच्या घरी जायला अर्धा दिवस मोडणाऱ्या बाईचे हे मत आहे, ते हलके समजू नये. पत्रांबरोबर विनोदही होते. फोर्डवरच्या विनोदांची पुस्तके निघत आणि खपत. एका माणसाने आपल्याला टी मोटारीसकट पुरावे असे मृत्युपत्रात लिहिले, कारण आजवर प्रत्येक खड्ड्यातून तिनेच त्याला बाहेर काढले होते! दुसऱ्याने घराच्या छपराचा वादळात चुरगळलेला पत्रा कारखान्याला पाठवला. इतकी मोडलेली मोटार आम्ही पाहिली नव्हती, तरी दुरुस्त करून देऊ, असे उत्तर आले. मोटारीला ‘टिन लिझी’, म्हणजे पत्र्याची लिझी, हे लाडाचे आणि टिंगलीचे नाव पडले ते याच काळात. फोर्ड यांना या विनोदांचा राग येत नसे. फुकट जाहिरात कोणाला नको असते?

पण पत्र लिहिणारा मालक हा सर्व मालकांचा नमुना नव्हे. एक तर फार खूश असलेला लिहितो, नाहीतर फार चिडलेला. मधले लाखो लोक गप्प असतात. या गप्प लोकांचे मत कुठे शोधायचे? माझ्या मते ते सुट्या वस्तूंच्या सूचिपत्रांत सापडते. टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स रोबकसारख्या कंपन्यांच्या सूचिपत्रांत टी मोटारीसाठी पानेच्या पाने जोडवस्तू असत. गिऱ्हाईक पदरचे पैसे घालून जी वस्तू जोडते, तिला मोटारीविषयीची तक्रार समजायला हरकत नाही. पेट्रोलची पातळी दाखवणारा काटा, पाण्याचा पंप, धक्के शोषणारे स्प्रिंग, मागच्या चाकांना जादा ब्रेक, खडखड थांबवणाऱ्या पट्ट्या, विजेचा स्टार्टर... यादी लांबलचक आहे.

त्यांतल्या दोनच तक्रारी पाहू. पेट्रोलची टाकी पुढच्या आसनाखाली होती. पेट्रोल किती उरले हे पाहायला प्रवाशांना उठवून आसन काढायचे आणि टाकीत काठी बुडवायची! टाकीतून कार्ब्युरेटरकडे पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहत असे. टाकी अर्धीच असली आणि चढ उभा लागला, की मोटारीचे नाक वर जाऊन कार्ब्युरेटर टाकीतल्या पेट्रोलच्या पातळीपेक्षा उंच होई आणि इंजिन बंद पडे. मालकांनी यावर उपाय शोधला: मोटार वळवायची आणि उलट्या गिअरमध्ये चढ चढायचा. उलट्या गिअरचा जोर पुढच्या पहिल्या गिअरपेक्षाही जास्त होता, त्यामुळे हे दुहेरी सोयीचे पडे. फळ्यावर तिरकी रेघ काढून टाकी आणि कार्ब्युरेटर दाखवले, की आठवीतला मुलगाही हे कोडे सोडवतो.

दुसरी तक्रार हँडलची. सुरुवातीची अकरा वर्षे टी मोटार सुरू करायला पुढून हँडल मारावे लागे. त्याआधी चक्राखालच्या दांडीने ठिणगीची वेळ मागे घ्यायची असे. ते विसरले, की दट्ट्या सिलिंडरच्या टोकाला पोहोचण्याआधीच ठिणगी पडे, स्फोट दट्ट्याला उलटे ढकले आणि हँडल मनगटावर आदळे. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला वैद्यकीय पुस्तकांत आजही ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात, ते अशाच हँडलांमुळे. कॅडिलॅक मोटारीत १९१२पासून विजेचा स्टार्टर होता. फोर्डच्या कारखान्यातून तो मिळू लागला १९१९मध्ये.

हेन्री फोर्ड यांना हे दिसत नव्हते का? दिसत असावे, पण त्यांच्या लेखी मोटार पूर्ण झाली होती. आता फक्त किंमत उतरवायची. १९१४ ते १९२५ या काळात रंगही एकच, काळा: स्वस्त आणि टिकाऊ. ही भूमिका हटवादी वाटते, तरी तिला मूर्खपणा म्हणणे अन्यायाचे होईल. १९२३मध्ये टी मोटारींचे वर्षाचे उत्पादन वीस लाखांच्या घरात होते. विक्रीचा आलेख वर चढत असताना, मालक नाराज आहेत हे कोणत्या पुराव्यावर मानायचे?

तो पुरावा दुसऱ्याच्या हिशेबात जमा होत होता. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी एक गोष्ट हेरली होती: पहिली मोटार घेणारा आणि दुसरी घेणारा यांची मते वेगळी असतात. पहिल्याला मोटार हवी असते. दुसऱ्याला आधीच्यापेक्षा बरी मोटार हवी असते. तो जुनी मोटार मोबदल्यात देई आणि हप्त्यावर शेव्हरोले घेई, स्टार्टर आणि तीन गिअरसकट. जनरल मोटर्सने हप्त्यांसाठी १९१९मध्येच वेगळी कंपनी काढली होती. फोर्डची १९२३ची योजना मात्र आवर्ती ठेवीसारखी होती: दर आठवड्याला पाच डॉलर भरा, पूर्ण रक्कम जमली की मोटार न्या. शिवाय स्वस्त मोटारच हवी असेल तर वापरलेल्या मोटारींचा बाजार होताच. नव्या टी मोटारीशी जुन्या टी मोटारी स्पर्धा करू लागल्या.

जानेवारी १९२६मध्ये कंपनीतले एक वरिष्ठ अधिकारी अर्नेस्ट कँझलर यांनी हेन्री फोर्ड यांना सहा पानी टिपण दिले. कँझलर हे फोर्डपुत्र एडसेल यांचे साडू. लोक टी मोटारीपासून दूर जात आहेत, नवे मॉडेल हवे, असे त्यांनी नम्रपणे मांडले होते. त्याच वर्षी त्यांना कंपनी सोडावी लागली. टिपणातले म्हणणे मात्र राहिले: २६ मे १९२७ रोजी दीड कोटीव्या मोटारीबरोबर टी मोटारीचा शेवट जाहीर झाला. कारखाने काही महिने बंद पडले, हजारो कामगार घरी बसले, आणि त्या वर्षी विक्रीत शेव्हरोले पुढे गेली. मालकांनी कुरकुर न करता दिलेल्या मताची किंमत अशी त्या कामगारांनी मोजली.

२ डिसेंबर १९२७ रोजी नवी ‘मॉडेल ए’ लोकांपुढे आली. चारही चाकांना ब्रेक, तीन गिअर, विजेचा स्टार्टर, पेट्रोलचा काटा, पाण्याचा पंप, धक्के शोषणारी यंत्रणा आणि एकाहून अधिक रंग. सूचिपत्रातल्या जोडवस्तू आता कारखान्यातूनच जोडून येत होत्या. तेव्हा रस्त्यांवर आणि शेतांवर एक कोटीहून अधिक टी मोटारी चालू होत्या आणि त्यांच्या मालकांना सुटे भाग हवे होते. फोर्ड कंपनी टी मोटारीची इंजिने ऑगस्ट १९४१पर्यंत बनवत राहिली.