सातवाहनांचे राज्य कसे विस्कटले?



गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मुलांचे एक नाटुकले आमच्याकडे ठरलेलेच असते. पैठणला कुंभाराच्या घरी वाढलेला शालिवाहन, त्याने केलेले मातीचे सैनिक, त्यांच्यात आलेला प्राण आणि शेवटी शकांचा पराभव. इथे ऑस्ट्रेलियात पाडवा पानगळीत येतो, तेव्हा मागच्या पडद्यावर वसंत रंगवावा लागतो, पण बाकी सगळे साग्रसंगीत. एका वर्षी नाटुकले संपल्यावर सैनिक झालेल्या एका मुलाने विचारले, "मग पुढे त्यांचं काय झालं?" आम्ही मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागलो. कोणी म्हणाले, चालुक्य आले. कोणी थेट यादवांवर गेले. मधली किमान तीनशे वर्षे आम्ही सगळ्यांनी मिळून गिळून टाकली होती! त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर म्हणून हा लेख.

आधी गोष्ट आणि इतिहास वेगळे करू

शालिवाहन शक इ.स. ७८ पासून मोजतात. पण 'शालिवाहन' हे नाव त्या कालगणनेला फार उशिरा, मध्ययुगात चिकटले. त्याआधीच्या लेखांत तिला शकांचा किंवा शक राजाचा काळ म्हटले आहे. ती कनिष्काने सुरू केली की चष्टन या शक क्षत्रपाने, यावर विद्वानांत वाद आहे. चष्टनाच्या घराण्याने मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली हे त्यांच्या लेखांवरून आणि नाण्यांवरून दिसते. म्हणजे ज्यांना हरवल्याची आठवण म्हणून आपण हे वर्ष मोजतो, त्यांच्याच वंशाने ते टिकवून आपल्यापर्यंत पोचवले. मुलांना हे सांगावे की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. आमचे मत, सांगावे. नाटुकले त्याने बिघडत नाही.

कारण पराभव खराच झाला होता. क्षहरात घराण्याच्या नहपानाने नाशिक, जुन्नर, कार्ले हा सारा टापू सातवाहनांकडून घेतला होता. गौतमीपुत्र सातकर्णीने तो परत मिळवला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. एकूण नाणी तेरा हजारांवर, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? पुढे त्याची आई गौतमी बलश्री हिने नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षी नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात मोठा लेख कोरविला. शक, यवन, पह्लवांचा नाश करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा, अशी मुलाची थोरवी तिने त्यात सांगितली आहे. मुलगा गेल्यानंतर आजीने नातवाच्या राज्यात लिहविलेला हा लेख आहे, हे लक्षात ठेवून तो वाचावा.

शिखरावरच पडलेल्या भेगा

पुळुमावीच्या काळात राज्य पूर्वेकडे आंध्रात घट्ट झाले, पण पश्चिमेकडून चष्टनाचा नातू रुद्रदामन पुढे सरकू लागला. इ.स. १५० च्या जुनागढ लेखात रुद्रदामन म्हणतो की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा उघड युद्धात हरवले, पण नाते जवळचे म्हणून नष्ट केले नाही. हे नाते कोणते? मुंबईच्या कान्हेरी लेण्यांतील एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही एका महाक्षत्रपाची मुलगी असल्याचे सांगितले आहे, आणि बहुतेक अभ्यासक तिला रुद्रदामनाची मुलगी मानतात. शत्रूशी सोयरीक झाली, राज्य वाचले, पण कोकण आणि उत्तरेचे व्यापारी मार्ग हातचे गेले.

ते थोड्या काळासाठी परत आणले यज्ञश्री सातकर्णीने. दुसऱ्या शतकाच्या अखेरचा हा शेवटचा मोठा राजा. त्याचे लेख नाशिकला आहेत, कान्हेरीला आहेत आणि पार आंध्राच्या किनाऱ्यावरही आहेत. सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना त्याचे चांदीचे नाणे मिळाले. सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवर क्षत्रपांच्या धर्तीवर राजाचा मुखवटा असतो, एका बाजूला प्राकृत अक्षरे आणि दुसऱ्या बाजूला द्राविडी वळणाची भाषा. (घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या आमच्या मुलांना हे नाणे फार आवडले.) पूर्व किनाऱ्यावर दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची नाणीही चालत होती. वरवर पाहता सारे पूर्वीसारखेच होते.

आतून मात्र सत्ता वाटली गेलेली होती. सातवाहनांच्या लेखांत महारठी, महाभोज, महासेनापती अशी पदे सतत भेटतात. नाणेघाटातल्या लेखातली राणी नागनिका ही महारठीचीच मुलगी, म्हणजे पहिल्यापासून या घराण्यांचा आधार घेऊनच राज्य उभे राहिले. कार्ल्याच्या एका लेखात पुळुमावीच्या ७ व्या वर्षी सोमदेव नावाचा महारठी भिक्षुसंघाला अख्खे गाव त्याच्या करांसकट देऊन टाकतो. त्याचा बापही महारठीच होता. पद वंशपरंपरेने चालणारे, आणि गावाचा महसूल दान करण्याचा अधिकार हाती. काही महारठींनी तर स्वतःची नाणीही पाडली. कोल्हापूरच्या बाजूला विळिवायकुर, शिवलकुर अशा नावांच्या कुर राजांची धनुष्यबाणाची नाणी मिळतात, तीही याच युगातली.

याचा कळस शेवटच्या पुळुमावीच्या लेखात दिसतो. बळ्ळारीजवळ म्याकदोनी येथे हा लेख आहे, त्याच्या ८ व्या वर्षाचा. गावात एका गृहस्थाने तळे खोदले, एवढीच बातमी. पण पत्ता कसा दिला आहे पाहा. प्रदेश महासेनापती खंदनाकाचा, गाव गौल्मिक कुमारदत्ताचे. राजाचे नाव फक्त वर्ष मोजण्यापुरते उरले आहे.

तुकडे

यज्ञश्रीनंतर पुराणांत विजय, चंद्रश्री आणि पुलोमा अशी तीन नावे येतात आणि यादी संपते. तिघांची मिळून वर्षे विसाच्या आसपास. विशेष म्हणजे तिघांचेही लेख सापडतात, पण एकही महाराष्ट्रात नाही. विजयाचा नागार्जुनकोंड्याला, चंद्राचा गोदावरीच्या मुखाकडे कोडवलीला, पुळुमावीचा म्याकदोनीला. नाशिक आणि पैठण तोवर हातातून निसटलेले असावे. विदर्भात वेगळीच शाखा नांदत होती. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, मंगरुळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे दीड हजारांवर नाण्यांचा साठा मिळाला. वा. वि. मिराशींनी त्याचा अभ्यास केला, तर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांना ठाऊकच नसलेली नावे त्यात निघाली.

मग तुकडे कोणाकडे गेले? नाशिककडे आभीर आले, कर्नाटकात बनवासीला चुटू, कृष्णेच्या काठी विजयपुरीला इक्ष्वाकू. आणखी दक्षिणेला पल्लव उदयाला आले, आणि तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून विदर्भात वाकाटक. इक्ष्वाकू राजे वासिष्ठीपुत्र चांतमूल असे आईच्या नावाने स्वतःला ओळखवतात, आभीर ईश्वरसेनही माढरीपुत्र म्हणवतो. राजे बदलले, पण नाव लावण्याची सातवाहनी पद्धत राहिली. हे बाहेरून आलेले लुटारू नव्हते, बहुतेक जण याच व्यवस्थेत वाढलेले होते.

व्यापाराचाही भाग आहे. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत कल्याण बंदराची अडवणूक झाल्याचे आणि तिथे लागणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात असल्याचे वर्णन आहे. हे पहिल्या शतकातले. म्हणजे बंदरावर ज्याचा ताबा त्याच्याकडे जकात, हे सर्वांना कळत होते. तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्यच अडचणीत आले, त्यांच्या चांदीच्या नाण्यात चांदी नावालाच राहिली आणि पश्चिमेचा व्यापार रोडावला. मात्र 'रोम बुडाले म्हणून पैठण बुडाले' असे सोपे समीकरण आम्हाला पटत नाही. व्यापार जोरात असतानाही सुभे सुटे होऊ लागलेच होते.

इथे एक वेगळे उदाहरण सांगावेसे वाटते. सिडनीत स्ट्रॅथफील्ड किंवा ईस्टवूडला राहणाऱ्यांचे शेजारी बरेचदा कोरियन असतात. त्यांच्या इतिहासात सिल्ला राज्याचा शेवट असाच झाला. ८८९ साली करवसुलीवरून शेतकऱ्यांचे बंड झाले, मग ग्योन ह्वॉन आणि गुंग ये या दोघांनी जुन्या, बुडालेल्या राज्यांची नावे पुन्हा घेऊन आपापली राज्ये काढली. ९१८ मध्ये वांग गॉनने गोर्यो स्थापले आणि ९३५ मध्ये सिल्लाच्या शेवटच्या राजाने त्याच्यापुढे राज्य ठेवले. त्यांच्याकडे शेवटाचे वर्ष आहे, शरण जाणारा राजा आहे. आपल्याकडे तसा प्रसंगच नाही. सातवाहन इ.स. २२५ च्या सुमारास संपले असे आपण म्हणतो, पण ती अंदाजाने काढलेली रेघ आहे. आणि कोरियात तुकडे काही दशकांतच पुन्हा एकाच्या हाती आले. दख्खनचा एवढा मोठा भाग एका छत्राखाली यायला बदामीच्या चालुक्यांची वाट पाहावी लागली.

नाशिकचे एक अंगण

या साऱ्यात सामान्य माणसाचे काय झाले? त्याचे उत्तर नाशिकच्या दहाव्या लेण्यात आहे. तिथे नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले, २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० पाऊण टक्क्याने, आणि व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा वगैरे खर्च. त्याच लेण्याच्या अंगणात आभीर ईश्वरसेनाच्या ९ व्या वर्षाचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक बाईने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कुंभार, पाणयंत्रे करणारे, तेली यांच्या श्रेणींकडे पैसे ठेवले. मध्ये शक गेले, सातवाहन आले आणि तेही गेले, पण श्रेणी व्याज देतच होत्या. आणि ज्यांचा समूळ नाश झाला असे बलश्रीचा लेख सांगतो, त्या शकांची एक लेक तिथेच राहून संस्कृतमिश्रित प्राकृतात दान लिहविते आहे!

त्या प्राकृतातूनच आपली मराठी आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या मागणीत नाणेघाटाचा लेख आणि हाल सातवाहनाच्या नावावरची 'गाथासप्तशती' यांचा आधार होता. राज्य विस्कटले, घराणे पुसले गेले, भाषा मात्र चालत राहिली.

डिसेंबरच्या सुट्टीत भारतात जाणाऱ्यांसाठी थोडे. नाशिकची लेणी शहराबाहेर मुंबई रस्त्यालगतच्या डोंगरावर आहेत, स्थानिक नाव पांडवलेणी. पायऱ्या बऱ्याच आहेत, सकाळी लवकर चढावे. आधी तिसरे लेणे पाहावे, मग दहावे, म्हणजे क्रम नीट लागतो. नाणेघाट जुन्नरहून जवळ. नागार्जुनकोंडा मात्र धरणाच्या पाण्यात गेले. तिथले अवशेष उचलून टेकडीच्या माथ्यावर नेले आहेत, आता ते बेट झाले आहे आणि होडीने जावे लागते. मुलांना नाण्यांची छायाचित्रे आधी दाखवून ठेवा. जहाजाचे नाणे दाखवले की पुढचे प्रश्न ती स्वतःच विचारतात.