मिक्सरचा पुरावा कुठे शोधाल?

शेपूट नसलेल्या डेल्टा विमानात पंखांमागच्या दोनच पट्ट्या नाक वर-खाली करतात आणि विमान कलवतातही. जुन्या रेडिओ-कंट्रोल मॉडेलांत ही बेरीज यंत्राने व्हायची: एक सर्व्हो सरकत्या पाटावर, दुसरा तो अख्खा पाटच ढकलायचा. मॉडेल उघडलं की युक्ती समोर!

पुढे कॉम्प्युटर ट्रान्समीटर आले. एका पट्टीला एलेव्हेटर अधिक आयलेरॉन, दुसरीला एलेव्हेटर वजा आयलेरॉन. प्रत्येकाचं प्रमाण टक्क्यांत. आता विमान उघडा, नुसते दोन सर्व्हो दिसतील. मिक्सर ट्रान्समीटरच्या मेमरीत असतो. ती पुसली की पुरावा गेला.

म्हणून वस्तूचा इतिहास लिहिताना वस्तूवरच थांबू नका. एजटीएक्ससारख्या प्रणालीत मॉडेलची सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. विमानाच्या फोटोसोबत तिचीही प्रत आजच जपून ठेवा.