ओळीचा क्रमांक टाळणारी सूची

हजारो ओळींच्या प्रोग्राममध्ये एखादे फंक्शन मुळात कुठे लिहिले आहे हे हुडकत फायलींमागून फायली उघडायच्या, हा प्रोग्रामरांचा जुना छळ. त्यावरचा उतारा बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात निघाला. बिल जॉय यांचा व्हीआय हा एडिटर तिथलाच. केन अरनॉल्ड यांनी त्याच्या जोडीला सीटॅग्ज लिहिला आणि १९७९च्या अखेरीस तो तिसऱ्या बीएसडी युनिक्सबरोबर बाहेर पडला.

सीटॅग्ज सगळा सोर्स कोड चाळतो आणि 'टॅग्ज' नावाची साधी टेक्स्ट फाइल बनवतो. दर ओळीला तीन रकाने: नाव, फाइल आणि तिथे पोचायची खूण. खरी हुशारी या खुणेत आहे. ओळीचा क्रमांक टाकणे सोपे होते, पण वर चार ओळी वाढल्या की तो खोटा पडतो. म्हणून तिथे व्याख्येची ओळच लिहिली, तीही व्हीआयला थेट चालवता येईल अशा शोधाच्या कमांडच्या रूपात. कोड वरखाली सरकला तरी उडी बरोबर जागी पडते.

डॅरन हीबर्ट यांनी १९९६मध्ये एक्झुबरंट सीटॅग्ज आणला. त्याला आणखी माहिती हवी होती: हे नाव फंक्शनचे की व्हेरिएबलचे, कुठल्या क्लासमधले? पण चौथा रकाना दिसला की जुने व्हीआय अडखळणार. तोड अशी निघाली, की तिसऱ्या रकान्याच्या शेवटी ;" ही दोन चिन्हे टाकायची. व्हीआयच्या लेखी अवतरणचिन्हापुढचे सगळे म्हणजे कॉमेंट. तो ते वाचतच नाही. इतकी सभ्य पळवाट मी क्वचितच पाहिली आहे.

२००९नंतर एक्झुबरंटची नवी आवृत्ती आली नाही. वारसा युनिव्हर्सल सीटॅग्जकडे गेला. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने व्याख्या शोधण्याच्या कामीही येणारा लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आणला. त्यातले सर्व्हर कोडचा अर्थ लावतात; टॅग फायलीला एकाच नावाची दोन फंक्शन्स दिसली, तर ती दोन्ही पुढे करून मोकळी होते. मात्र अर्धवट, कंपाइल न होणाऱ्या कोडचीही ती मुकाट्याने यादी करते.

तिची खरी कटकट म्हणजे ती शिळी होते. त्यामुळे कमिट झाला की गिटच्या हुकमधून ती नव्याने बनवून घ्यावी, आणि ती रिपॉझिटरीत मात्र चढवू नये. लिनक्स कर्नलच्या मेकफाइलमध्ये तर 'मेक टॅग्ज'ची सोय आजही आहे.